साडेतीनाचे अडीच

ऐकू आलं की बटण दाबायचं. नाही आलं तर नाही दाबायचं. एवढंच करायचं असतं. तो मधूनमधून उगाच दाबतो.

डावीकडे अठरा आटे. उजवीकडे साडेसतरा.

चिकूच्या टेम्पोची एक बाजू नेहमी दबलेली असते. भरणारा रोज त्याच बाजूला उभा राहून भरतो.

कागदावर दोन रेषा. गोलांची रेष वरच्या वर जाते. फुल्यांची रेष जिना उतरते आणि खालीच राहते.

"तुझ्यात प्ले आलाय." हे जमना म्हणाली होती.

जमीन हलली तेव्हा गाडी स्टँडवर होती.

म्हणजे पुढची दोन्ही चाकं काढलेली, पुढचं अंग दोन लोखंडी स्टँडवर टेकलेलं, मागच्या चाकांना विटा लावलेल्या, आणि खाली पुठ्ठ्यावर जीवन. उजव्या कुशीवर, उजवा कान पुठ्ठ्यात रुतलेला, डावा हात वर करून चाक वळवणाऱ्या टाय रॉडचा नट सोडवत. एक, दोन, तीन. नट नाही, आटे मोजायचे. जितके आटे फिरवून जुनं काढलं तितकेच फिरवून नवं बसवायचं, म्हणजे चाक जवळपास सरळ उभं राहतं. अकराव्या आट्याला पुठ्ठ्याखालून काहीतरी गेलं. भरलेला ट्रेलर रस्त्याने जातो तसं, पण ट्रेलर एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने जातो. हे आलं आणि तिथेच राहिलं. वर गाडीचं पोट बोटाच्या पेराएवढं डावीकडे गेलं, परत आलं. जीवन त्या पोटाकडे बघत राहिला. त्याला दिसले ते पाय. गॅरेजमधले सगळे पाय, चपलांचे, बुटांचे, एक अनवाणी, उजेडाकडे धावत गेले आणि जमीन रिकामी झाली. रिकामी फरशी, तिच्यावर ऑइलचे डाग, आणि दारापाशी उन्हाची पट्टी. बारा, त्याने मोजला. तेरा. मग पाय हळूहळू परत आले, त्यातला एक जोड गाडीपाशी थांबला, गुडघे वाकले, आणि उमेशचं लाल झालेलं तोंड उलटं दिसलं. तोंड हलत होतं. जीवनने मान पुठ्ठ्यावरून उचलली तेव्हा कुठे त्या तोंडातून आवाज निघाला.

"काका, बहिरे झाले काय? पाच हाका मारल्या! गाडी पडली असती अंगावर!"

"नट अर्धा निघाला होता."

"नट घेऊन वर गेले असते मग. सरळ."

उमेश गॅरेजचा मालक, जीवनपेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याच्या बापाने जीवनला कामावर ठेवलं होतं ते कानासाठी. बेअरिंग गेलं की क्लच, हे गाडी फाटकातून आत येतानाच जीवन सांगायचा, आणि बाप गिऱ्हाइकाकडे बघून फक्त भुवया उडवायचा. बाप गेला, भुवया उडवणं पोराने उचललं. डहाणू रोडपासून चारोटीपर्यंत ट्रकवाले म्हणतात, डोळे मिटून आवाज ओळखतो तो. हे अजून खरं आहे. एका कानाने आवाज ओळखता येतो. तो कुठून येतो ते ओळखता येत नाही.

बाहेर सगळे रस्त्याच्या कडेला उभे होते आणि नेमकं त्यावरच भांडत होते. दिवाळीनंतर तलासरीकडे जमीन हलायला लागली होती, रोज कुठेतरी भांडी पडायची, पण डहाणूत इतक्या जोरात पहिल्यांदाच. हलण्याआधी आवाज झाला होता, तोफेसारखा. उमेश म्हणत होता डोंगराकडून. समोर चहाची टपरी चालवणारी चंद्रिका हातातली गाळणी समुद्राकडे करून म्हणत होती, "माझ्या पाठीत आला ना आवाज, पाठ समुद्राकडे होती माझी." कोणीतरी म्हणालं खालून. "काकांना विचारा," उमेश म्हणाला, "काकांचा कान आहे." सगळे वळले. जीवनने हात अर्धा वर केला, डोंगर आणि समुद्र यांच्या मध्ये कुठेतरी, जिथे फक्त विजेचा खांब होता. "त्याच बाजूने," तो म्हणाला. उमेश म्हणाला, बघ. चंद्रिका म्हणाली, बघ. दोघांचंही समाधान झालं. जीवन परत जाऊन पुठ्ठ्यावर आडवा झाला आणि त्याला आठवेना की तेरा झाले होते की चौदा. आयुष्यात पहिल्यांदा त्याचे आटे चुकले. त्याने उरलेले मोजले आणि एकूण अठरा लिहिले.

आवाजाच्या बाबतीत माणूस किती सहज होकार देतो. बस आली का, आली. कुकरची शिट्टी झाली का, झाली. तीन वर्षांत जीवनने आपली जागा अशी लावून घेतली होती की कुणाला शंका येऊ नये. गॅरेजमध्ये त्याचं टेबल कोपऱ्यात, डावीकडे भिंत. टपरीवर बाकाच्या डाव्या टोकाला, म्हणजे सगळं जग उजवीकडे. ट्रायलला कुणी सोबत नको, हा त्याचा नियम सगळ्यांना माहीत होता. तो त्याचा बाणा आहे असं लोक समजायचे. गाडी चालवताना शेजारचा माणूस डावीकडे बसतो, एवढंच त्याचं कारण होतं. फक्त घरी जमलं नव्हतं. स्टेशनमागच्या खोलीत खाट एकाच प्रकारे मावायची: डोकं खिडकीकडे, त्याच्या उजवीकडे भिंत, डावीकडे बायको, जमना. भिंतीतून शेजारच्या खोलीतला टीव्ही ऐकू यायचा. खाट फिरवायची म्हटली तर फिरली असती, कपाट हलवावं लागलं असतं. पण जमनाने विचारलं असतं, का. आणि का या शब्दाला उत्तर दिलं की पुढे आणखी शब्द असतात. आपण कानाचे म्हणून ओळखले जातो. कान गेला तर काय उरतं, हे त्याला स्वतःलाच बघायचं नव्हतं, मग तिला कशाला दाखवायचं. तो झोपायच्या आधी भिंतीकडे तोंड करायचा. ती काही बोलत असेल तर बोलत असेल. एकदा गिऱ्हाइकाला समजावताना तिने त्याला ऐकलं होतं, डबा द्यायला आली होती तेव्हा: "प्ले म्हणजे काय, स्टिअरिंग फिरवता, पण चाकाला पत्ता नाही. मधे नुसतं रिकामं." संध्याकाळी ती म्हणाली, तुझ्यात प्ले आलाय. तो हसला होता. होळीनंतर ती तलासरीच्या वर भावाच्या पाड्यावर गेली. भाताला बोलावलंय, असं त्याआधी कधीतरी म्हणाली होती. पेरणी झाली, लावणी झाली, कापणी झाली. गॅरेजच्या भिंतीवरचं दोन हजार अठराचं कॅलेंडर शेवटच्या पानावर आलं होतं.

गाडी चिमणशेठची. बोर्डीला शेठची चिकूची वाडी, वय बासष्ट, आणि या वयात त्याने मुंबईहून कुणाची तरी जुनी दोन माणसांची जपानी गाडी घेतली होती, लाल, छप्पर मागे दुमडणारी, बसलं की रस्ता ढुंगणाला लागतो अशी. महिनाभर चालवल्यावर तो एक लांबडं पार्सल घेऊन आला. पुतण्याने विलायतेहून आणलेलं, दोन पँटींत गुंडाळून. आत स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे व्हीलचा फेरा चाकांपर्यंत नेणारा दातेरी दांडा. पँटी अजून तशाच.

"साडेतीन फेरे फिरवावे लागतात रे," शेठ आपल्या गुजरातीमिश्रित मराठीत म्हणाला होता, "या टोकाहून त्या टोकाला. आ नवा अडीचमां जाते. लावून दे."

"हलकं नाही होणार शेठ. जड होईल. दात मोठ्या पायरीचे आहेत, फेरे कमी पण जोर जास्त."

"जोर चालेल. हात सोडायला नको."

तेव्हा जीवनने त्याच्या हाताकडे बघितलं. शेठ डावा हात पोटाशी धरून उभा राहायचा, खिशात अंगठा अडकवून, ऐटीत. ऐट नव्हती ती. हात खांद्यातून वर येत नव्हता. एक हात दुसऱ्यावरून टाकत फिरवायला दोन हात लागतात. अडीच फेऱ्यांत एकच हात पुरेल असा त्याचा हिशेब होता. शेठने ओळखलं की जीवनने ओळखलं. "रेसवाले लावतात असला," तो म्हणाला, थोडं मोठ्याने. "मग आपण काय मेलो?"

त्याच दिवशी, शुक्रवारी, संध्याकाळी जुना रॅक बाहेर आला. त्याआधी स्टिअरिंग व्हील बांधावं लागतं. खालचा सांधा सुटला की व्हील मोकळं होतं, कुणी चुकून एक गरका दिला की मध्य हरवतो आणि मग सरळ रस्त्यावर व्हील वाकडं दिसत राहतं. जीवन ते नेहमी घरून आणलेल्या चिंधीने बांधायचा. जमनाच्या जुन्या लुगड्याची हिरवी पट्टी, तिनेच फाडून दिलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली. त्याने दोन गाठी मारल्या. सांध्याचा बोल्ट काढला. खाली उतरून रॅक सरकवत सरकवत डाव्या बाजूने ओढून घेतला आणि मांडीवर घेऊन बसला. वीस वर्षांचं वंगण काळं झालं होतं. हाताने पिनियनचं छोटं दातेरी चाक फिरवलं तर मध्यावर, जिथे माणसं सर्वात जास्त गाडी चालवतात तिथे, दात झिजून पोकळ झाले होते. टोकांना नवे कोरे. आयुष्यभर सरळ चालवलं की मधेच झिजतं. त्याला हे रोज माहीत होतं आणि त्या दिवशी उगाचच ते बराच वेळ हातात राहिलं.

खोलीवर आला तेव्हा शेजारची हिराबाई पायरीवर सुके बोंबील निवडत होती. हिराबाईचा आवाज त्याला कुठल्याही बाजूने यायचा. मासळीबाजारात तीस वर्षं काढलेली बाई.

"जीवनभाऊ, हलला ना आज? माझी बरणी फुटली लोणच्याची. तुमच्या बाईच्या गावाला तर रोज हलतो म्हणे, लोक बाहेर झोपतात ताडपत्रीखाली. फोन केला का?"

"करतो."

"करतो काय करतो! सकाळपासून काय करत होते?" तिने एक बोंबील उचलून त्याच्याकडे रोखला. "माणसाला एवढा ताठा नसावा. ती गेली त्या सकाळी मी हितंच बसलेली. बाईने दारातून तीनदा हाक मारली. जीवन, जीवन करून. दोन पिशव्या हातात. तुम्ही मोरीपाशी दाढी करत उभे, मान पण नाही वळवली. मला वाटलं भांडण असेल, मधे कशाला पडा. पण तीनदा, भाऊ. चवथ्यांदा कोण मारतं?"

मोरीपाशी उभं राहिलं की दार डावीकडे येतं. नळ सुरू होता. त्या सकाळी आरशात त्याला दार दिसत नव्हतं, स्वतःचा उजवा गाल दिसत होता, त्यावरचा साबण. तोंड पुसून तो वळला तेव्हा दार उघडं होतं आणि चपला नव्हत्या. न सांगता गेली, असं त्याने धरलं. दहा महिने तो ते तसंच धरून होता, त्याला त्याचा थोडा आधारही होता, कारण न सांगता जाणाऱ्या माणसामागे जायचं नसतं. आता तो खोलीत आला, मोरीपाशी उभा राहिला, नळ सोडला आणि कुणीतरी दारातून तीनदा हाक मारते आहे असं धरून उभा राहिला. पाणी उजवीकडून ऐकू येत होतं. नळ डावीकडे होता. सगळंच उजवीकडून येतं. मग त्याने आटे लिहायची वही ठेवायला पत्र्याचा डबा उघडला. वहीखाली घडी घातलेला कागद होता, तो त्याने उघडला नाही, वही वर ठेवली आणि फोन लावला. फोनवर त्याला काही अडत नाही. फोनला एकच कान लागतो, तिथे तो सगळ्यांच्या बरोबरीचा असतो. "फोनवर बरा बोलतोस," जमना म्हणायची. पण फोन तिच्या भावाने, काकड्याने उचलला. ती खळ्यावर आहे, पेंढा बांधतेय, घराला भेग गेली एक, बाकी बरंय. "येतोस का?" काकड्याने विचारलं.

"गाडी उभी आहे," जीवन म्हणाला.

"कसली गाडी?"

"गिऱ्हाइकाची."

"बरं," काकड्या म्हणाला, आणि त्या बरंमध्ये सगळं होतं.

शनिवारी नवा रॅक चढला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघितला: अडीच, किंचित कमी. त्याचं अर्धं सव्वा. सव्वा फेरा मागे आणलं की मध्य. जुन्याचा मध्य पावणेदोनवर होता. हात सवयीने पावणेदोनकडे जायचा, टोकापलीकडे जायला बघायचा, आणि लोखंड खट् करून थांबवायचं. तीन वेळा झालं तसं. सांधा जोडला, नवे टाय रॉड अठरा आणि साडेसतरा आटे फिरवून बसवले, चाकं चढवली, मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत दोऱ्या ताणून रेष बघितली. डावं चाक दोरीला टेकेना. अर्धं बोट फट. चुकलेला आटा तिथेच होता. त्याने एक फिरवला आणि दोरी टेकली. हिरवी चिंधी सोडली, घडी करून खिशात ठेवली. व्हील हलकंसं हलवून बघितलं. मधे रिकामं काहीच नव्हतं. बोट हललं की चाक हललं. इतक्या लगेच उत्तर देणारी वस्तू त्याने खूप दिवसांत हातात धरली नव्हती, आणि त्याला ती आवडली नाही. जरा भीतीच वाटली.

रविवारी दुपारी शेठ आला आणि डावीकडचं दार उघडून बसला. "मी एकटा घेऊन बघतो शेठ, मग तुम्ही—" "माझी गाडी ने मी घरी बसू? चल." छप्पर उघडं होतं. नरपड मागे गेलं, चिखल्याच्या पुढे समुद्र डावीकडे सुरूच्या झाडांमधून तुकड्यातुकड्याने दिसायला लागला, उजवीकडे वाड्या. शेठ बोलत होता. वारा उजव्या कानात भरलेला, आणि डाव्या बाजूने जे येत होतं ते असं येत होतं:

"—— मजा —— वीस वर्षांचा असताना —— लँब्रेटा ——"

"हो," जीवन म्हणाला.

"—— बायको बोलते म्हातारा —— केटला ——?"

"हो ना."

शेठने त्याच्याकडे वळून बघितलं. जीवनचं लक्ष रस्त्यावर होतं. म्हणजे रस्त्यावरही नव्हतं, दोन्ही हातांच्या मधल्या त्या चार बोटांच्या अंतरात होतं, जिथे गाडी होती. व्हील त्याला वळवावं लागत नव्हतं. वळणाकडे नजर गेली की हात जायचे आणि हात गेले की गाडी गेलेलीच असायची. मधे विचार करायला जागाच ठेवली नव्हती कुणी. एरवी तो त्या जागेतच राहायचा. पुढून कोणी नव्हतं. ऊन उतरलं होतं. आणि तेव्हा, वाऱ्याच्या वर, अगदी स्वच्छ, उजवीकडच्या वाड्यांतून कुणीतरी हाक मारली.

"जमना!"

त्याने बघितलं. फक्त बघितलं. उजवीकडे, जिथून हाक आली तिथे, एका वाडीच्या तोंडाशी पेंढ्याचे भारे रचले होते आणि त्यांच्याशी पाठमोरी कुणी बाई उभी होती, कमरेवर हात ठेवून, जमना उभी राहते तशी. जुना रॅक असता तर त्या नजरेने गाडी वीतभर हलली असती. गाडी नजरेबरोबर गेली. रस्ता ओलांडून, कडेची माती ओलांडून, भाऱ्यांत. आवाज झाला नाही. सगळीकडून पेंढा आला, तोंडावर, मांडीवर, आणि गाडी बंद पडली. बाई भाऱ्यांच्या पलीकडून पुढे आली. पन्नाशीची, अनोळखी. "आंधळे काय रे!" ती ओरडली. शेठला हसू आवरेना. तोंडातला पेंढा थुंकत तो उजवा हात हवेत नाचवत होता.

"अरे, जमणा बोल्लो ने मी! जमणा! आ हात! जेवायचा हात! पण रस्ता येऊ तर दे! माझी वाडी पुढे आहे, ही कुणाची?"

जीवनला कळायला वेळ लागला. शेठच्या गुजरातीत जमणा म्हणजे उजवा. हे त्याला माहीत होतं, या भागात ज्याला माहीत नाही असं कोण आहे, निम्मी गिऱ्हाइकं गुजराती बोलतात. पण ती हाक त्याच्या डावीकडून, दीड हातावरून आली होती, आणि त्याला ती वाडीतून ऐकू आली होती.

"मला वाटलं जमना," तो म्हणाला.

"कोण जमना?"

"बायको."

शेठ पुन्हा हसला आणि मग थांबला. बाईची समजूत काढायला तो उतरला, भारे कुणाचे, नुकसान किती, दोघं गुजराती-मराठीत जोरजोरात बोलले, दोघं हसले. तो परत येऊन बसला. जीवन गाडी मागे घ्यायला लागला. रस्त्यावर आल्यावर शेठने त्याच्या उजव्या खांद्यावर थाप मारली. त्यासाठी त्याला सगळं अंग वळवावं लागलं.

"राग नाय आला?" तो जीवनच्या समोर तोंड आणून म्हणाला.

"कशाचा?"

"आत्ता मी तुला गधेडा बोल्लो. आ कानात. तीन वेळा, हळूहळू. तू हूं पण नाय केलं."

इंजिन चालू होतं. समुद्राकडून कावळे येत होते, किंवा वाड्यांकडून.

"उमेशला सांगू नका शेठ."

"मी कशाला सांगू?" शेठने डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला, पिशवी ठेवावी तसा. "हा गेला, ते मी माझ्या पोराला सांगितलं? नाय. गाडी बदलली." मग बराच वेळ तो काही बोलला नाही, किंवा बोलला असेल. वाडीचं फाटक आल्यावर त्याने बोट दाखवलं. जीवन उतरला. शेठ उजवीकडे सरकला, एका हाताने व्हील धरून गाडी फाटकातून आत घेतली, एकाच झोकात, हात न सोडता, आणि मागे न बघता ओरडला, "फर्स्ट क्लास!"

सोमवारी त्याने उमेशला सुट्टी मागितली. "जा ना काका," उमेश म्हणाला, "तिकडचा आवाज कसा आहे ऐकून या." तलासरीपर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये तो सवयीने डाव्या टोकाला बसला. पाड्यावर घरांची दारं उघडी होती आणि माणसं खळ्यांवर. कापलेल्या शेतात निळ्या ताडपत्र्या बांबूंवर ताणलेल्या, खाली भांडी, अंथरुणं, शेळ्या. जमना पेंढा बांधत बसली होती. ती वाळली होती. तिने त्याला बघितलं आणि गाठ पूर्ण केली.

"घर पडलं का बघायला आलास?"

"भेग आहे म्हणाला काकड्या."

"भेग आहे." तिने दुसरा भारा ओढला. "दहा महिन्यांनी भेग बघायला आला. बस."

तो तिच्या डावीकडे बसला, म्हणजे ती त्याच्या उजवीकडे. त्याने एक भारा घेतला. दोघं बांधत राहिली. ती बोलत होती आणि सगळं ऐकू येत होतं, वहिनीचं, शेळीचं, सरपंचाने दिलेल्या ताडपत्रीला भोक आहे त्याचं. हिराबाई कशी आहे. बरणी फुटली. कुठली, लोणच्याची? हो. अरेरे. त्याला वाटलं, एवढं पुरे आहे, असंच बसावं, उजवीकडे. मग जमिनीतून ते आलं. आधी तोफ, मग मांडीखाली थरथर, बांबूंवर ताडपत्री फडफडली, शेळ्या उठल्या, कोणीतरी पोरांना नावं घेऊन बोलावलं. आणि थांबलं. इकडे आता कुणी धावत नव्हतं.

"मोठा होता," जमना म्हणाली. "कुठून आला रे आवाज? काकड्या म्हणतो डोंगरातून. वहिनी म्हणते धरणाकडून. तू सांग. तुझा कान."

जीवनने हात अर्धा वर केला. तो कुठेच रोखलेला नव्हता. त्याने तो खाली घेतला.

"मला नाही कळत."

"कुणालाच नाही कळत."

"तसं नाही. मला काहीच कुठून येतं ते कळत नाही. या कानाने ऐकू येत नाही."

जमनाचे हात थांबले. तिने त्याच्या कानाकडे बघितलं, पडलेल्या भांड्याकडे बघावं तसं, कुठे चेपलंय शोधत. मग उठली आणि त्याच्या पाठीमागून गेली. त्याने वळून बघितलं नाही. डाव्या गालावर ऊब आली, पेंढ्याचा वास आला, श्वास आला, थांबला, पुन्हा आला. एका वाक्यापेक्षा जास्त होतं ते. ती परत उजवीकडे येऊन उभी राहिली.

"काय म्हणाले मी?"

"नाही आलं."

"काहीच?"

"वारा आला."

ती मटकन बसली. "म्हणजे त्या दिवशी दारातून—"

"नळ चालू होता. नाही आलं."

"आणि झोपताना मी बोलायचे ते?"

"नाही."

"एवढी वर्षं?" ती हसायला लागली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावला. "काय काय सांगितलं मी तुला. देवा. भिंतीला सांगत होते."

"काय सांगायचीस?"

"आता नाही सांगणार." तिने नाक पुसलं. एक काडी उचलून दातांत धरली, काढली. "कधीपासून?"

समोर भाऱ्यांची रास होती, त्यापलीकडे भेग गेलेलं घर. भेग दारापासून वर आढ्यापर्यंत गेली होती, सरळ नाही, मधे एकदा वळून. जीवनच्या खिशात ती हिरवी चिंधी होती. ती त्याने बाहेर काढली, पुन्हा आत ठेवली.

"काल कळलं," तो म्हणाला. "गाडीत."

जमनाने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. "मग तुला तरी कसं कळणार," ती म्हणाली, आणि आपला भारा घेऊन त्याच्या उजव्या बाजूला आणखी जवळ सरकली. "उद्या हे संपेल. बुधवारी येते. खाट फिरवून ठेव."

पत्र्याच्या डब्यात वहीखाली जो कागद आहे त्यावर गोलांची आणि फुल्यांची अशा दोन रेषा आहेत, कासा गावच्या कानतपासणी शिबिराचा शिक्का आहे, आणि तारीख ९ मार्च २०१६.